मासोळी भिते तेव्हा

गाय घाबरली तर हंबरते. कुत्रं भ्यालं तर केकाटतं. कोंबडीला मुंगूस दिसलं तर ती सारी आळी डोक्यावर घेते. मासोळी काय करणार? आपल्या कानाला ऐकू येईल असा आवाज तिला नाही. डोळे मिटून घ्यावेत तर तिला पापण्याही नाहीत. ती भ्याली हे नीट बघितलं तरच कळतं.

तालुक्याच्या बाजारात आता रंगीत मासे विकायला असतात. लेकरू हट्ट धरतं. बाप दोन सोनेरी मासे पिशवीतून घरी आणतो. घरात काचेची बरणी असते. तिच्यात नळाचं पाणी भरतात आणि मासे धपकन ओततात. मग सारं घर भोवती जमतं. कोणी काचेवर टिचकी मारतं, कोणी बॅटरीचा उजेड पाडतं. मासे तळाशी जाऊन बसतात. खायला टाकलं तर तोंड लावत नाहीत. तिसऱ्या दिवशी एक उलटा तरंगतो, चौथ्या दिवशी दुसरा. आजी म्हणते, "नजर लागली गं बाई." लेकरू रडून रडून झोपी जातं.

हेच शेततळ्यात मोठ्या हिशेबानं होतं. शेतकरी पैसे मोजून माशांचं बीज आणतो, तळ्यात सोडतो, आणि आठ दिवसांत काठाला पांढरी पिल्लं लागलेली दिसतात. तो म्हणतो, बीजच खराब दिलं. कधी बीज खराब असतंही. पण पुष्कळदा बीज चांगलं असतं आणि सोडणाऱ्याच्या घाईनं ते मरतं.

परभणी जिल्ह्याला मासोळी नवी नाही. आपल्या जिल्ह्यातून गोदावरी वाहते. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे. गंगाखेड तालुक्यात तर धरणाचंच नाव मासोळी! नदीकाठच्या भोई मंडळींना माशाच्या सवयी पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहेत. पण त्यांची विद्या नदीतल्या माशाची. नदीतला मासा भ्याला तर खोल डोहात जातो, दगडाच्या कपारीत शिरतो, सुटतो. पेटीतल्या आणि तळ्यातल्या माशाला पळायला जागा नसते. म्हणून त्याची काळजी आपल्याला घ्यावी लागते.

मासोळीला कशाचं भय वाटतं?

आधी मासोळीला काय कळतं ते बघू.

मासोळीच्या अंगाकडे बाजूनं बघा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ गेलेली दिसेल. रोहूच्या अंगावर ती चांगली ठळक असते. ती नुसती रेघ नव्हे. ती बारीक छिद्रांची ओळ आहे, आणि त्या छिद्रांच्या आत पाण्याची हालचाल ओळखणारे अवयव आहेत. पाण्यात जवळपास काही हललं की मासोळीला अंधारातही कळतं. आपण डोळे बांधून उभे राहिलो आणि कोणी अगदी जवळून गेलं तर वाऱ्याची झुळूक अंगाला लागते ना? तसंच, पण त्याहून कितीतरी बारकाईनं.

तिला कानही आहेत. ते बाहेरून दिसत नाहीत, डोक्याच्या आत असतात. रोहू, कटला, मृगळ आणि बाजारातला सोनेरी मासा हे सगळे एकाच घराण्यातले, एकमेकांचे भाऊबंद. या घराण्याची एक खुबी आहे. त्यांच्या पोटात हवेची पिशवी असते. त्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. पिशवी थरथरली की साखळीतून ती थरथर कानाला पोचते. म्हणून या माशांना फार चांगलं ऐकू येतं. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाण्यात तो सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे चौपटीहून जास्त.

पण आपलं बोलणं मात्र मासोळीला फारसं ऐकू येत नाही. हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक परत फिरतो. म्हणून पेटीजवळ बसून गप्पा मारल्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते ठोकण्यानं. काचेवर मारलेली टिचकी, टेबलाला लागलेला पाय, धाडकन लोटलेलं दार, हे थेट पाण्यात उतरतं. तुमच्या डोक्यावर कोणी पत्र्याचा डबा घालून वरून काठी मारली तर कसं वाटेल? मासोळीला ती टिचकी तशीच. ज्या घराच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे, तिथं पेटी त्या भिंतीपासून लांब ठेवावी, हे यावरून तुम्हीच ओळखाल.

आणि मासोळीला वास येतो. याची एक खरी हकीकत सांगतो. कार्ल फॉन फ्रिश नावाचे एक मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. मधमाश्या नाचून एकमेकींना फुलांचा पत्ता सांगतात, हे त्यांनीच शोधलं. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण त्याच्या पुष्कळ आधी, १९३८ साली, त्यांनी माशांबद्दलही एक शोध लावला. ते बारक्या मासोळ्यांच्या थव्यावर प्रयोग करत होते. एक मासोळी ओळखता यावी म्हणून त्यांनी तिला छोटीशी जखम करून खूण केली आणि परत थव्यात सोडली. जखमी मासोळी आल्यावर थोड्याच वेळात सारा थवा दूर पळाला आणि कितीतरी दिवस भेदरलेला राहिला. मग त्यांच्या ध्यानात आलं की जखमेतून, फाटलेल्या कातडीतून, काहीतरी पाण्यात उतरतं. त्याचा वास इतर मासोळ्यांना लागतो. तो वास म्हणजे जणू दवंडी : "पळा, इथं धोका आहे!" रोहू-कटल्याच्या घराण्यात ही दवंडी चालते.

यातून आपल्या कामाची गोष्ट अशी निघते. खरखरीत जाळ्यानं एक मासोळी सोलली, कोरड्या हातानं एक दाबली, तर त्याची झळ तिच्या एकटीपुरती राहत नाही. सारं पाणी भेदरतं.

भ्यालेली मासोळी ओळखायची कशी

निरोगी, निश्चिंत मासोळी पाण्याच्या मधोमध फिरते. तिचे पर पसरलेले असतात. खाणं दिसलं की ती पुढं येते. भ्यालेली मासोळी कोपऱ्यात किंवा तळाशी दबून बसते. पर अंगाशी मिटून घेते. तिचा रंग फिका पडतो. कल्ले भराभर हलतात, धापा टाकल्यासारखे. कधी ती अचानक उसळते आणि काचेवर नाक आपटून घेते, कधी पाण्याबाहेर उडी मारते. म्हणून पेटीवर जाळी हवीच. सकाळी फरशीवर वाळलेला मासा सापडला तर मांजराला दोष देण्याआधी झाकण होतं का ते आठवावं.

नुसत्या भीतीनं मासोळी मरते का? एखाद्या वेळच्या भीतीनं नाही. पण भय रोजचंच झालं की तिचं खाणं तुटतं, अंगावरचा बुळबुळीत थर पातळ होतो, रोगाशी झुंजायची ताकद जाते. मग अंगावर साखरेच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके येतात, परांच्या कडा झडतात. आपल्याला दिसतो तो रोग, पण भय आधी येऊन गेलेलं असतं. माणसाचंही असंच नाही का? कर्जाच्या काळजीनं झोप उडालेला माणूस साध्या तापानंही अंथरूण धरतो.

काचेच्या पेटीतली मासोळी

आता उपाय बघू. पहिला उपाय ऐकून तुम्हाला नवल वाटेल. मासोळी सारखी लपून बसते ना? मग तिला लपायला आणखी जागा द्या.

लोक उलट करतात. मासा दिसत नाही म्हणून पेटीतला दगड काढतात, झाड उपटतात. मग मासा आणखी भितो. कारण त्याला लपायला उरलं काय? जिथं लपायला जागा जवळ आहे तिथंच मासा निर्धास्त बाहेर फिरतो. उंदराचं बघा. बीळ जवळ असेल तर तो खुशाल धान्यात खेळतो, उघड्या अंगणात मात्र भिंतीकडेनं पळतो. पेटीत दोन-तीन ठिकाणी आडोसा केला की आठ-दहा दिवसांत मासे मधल्या जागेत हिंडू लागतात. आडोशाला विकतचं काही नको. फुटक्या मडक्याचा अर्धा भाग पालथा ठेवा. जुनं कौल ठेवा. पण ते स्वच्छ धुतलेलं असावं, साबण मात्र लावू नये. धार असेल तर दगडावर घासून मोडावी, नाहीतर मासोळीचं अंग सोलेल. चुनखडीचा दगड किंवा सिमेंटचा नवा तुकडा टाकू नये. त्यानं पाणी बदलतं. नदीची वाळू धुऊन तळाला दोन बोटं पसरा. उघडी चकचकीत काच खालून उजेड फेकते, ते माशाला सोसत नाही. तळ गडद असला की तो शांत राहतो. आपल्या डोहांचा तळ काही पांढरा नसतो.

पेटीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून गडद कागद चिकटवा. निळा, काळा, कोणताही. एकच बाजू बघायला उघडी राहू द्या. चोहीकडून माणसं दिसली तर मासोळीनं पाठ कुणाकडे करायची? गोल बरणीची हीच खोड आहे. तिच्यात पाठ टेकायला कोपरा नाही, पाणी थोडं, आणि वरचं तोंड अरुंद असल्यानं हवा कमी मिसळते. दिसायला बरणी छान दिसते, पण आमच्या मते ती लोणच्यासाठी ठेवावी.

दुसरं म्हणजे सोबत. पुष्कळ बारके मासे थव्यानं राहणारे आहेत. थव्यात असला की मासा निर्धास्त असतो, कारण धोक्यावर नजर ठेवायला कितीतरी डोळे असतात. एकटा ठेवला तर तो सारा दिवस स्वतःच पहारा करतो. म्हणून चार जातींचा एकेक मासा आणण्यापेक्षा एका जातीचे पाच-सहा आणावेत. याला अपवाद फायटर मासा. त्याचे दोन नर एका पाण्यात ठेवले तर झुंज लागते. त्याला एकटंच ठेवावं. मोठा मासा आणि बारका मासाही एका पेटीत नको. मोठ्यानं गिळलं नाही तरी बारक्याला झोप लागणार नाही. सोनेरी मासा बाजारात बोटाएवढा दिसतो, पण तो वीतभर वाढणारा मासा आहे. छोट्या पेटीत तो घेऊच नये.

नवख्या माणसानं सुरुवात गप्पी माशानं करावी. गप्पी काटक आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवतापाचे कर्मचारी तो गावागावांत हौदांत सोडतात. गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. ते बघायला लेकरांना फार मौज वाटते. फक्त एक ध्यानात ठेवा. पेटीतला कोणताही परका मासा, नको झाला म्हणून, ओढ्यात किंवा नदीत सोडू नका. तो तिथल्या माशांच्या खाण्यात वाटेकरी होतो, कधी त्यांची पिल्लं खातो, कधी त्यांना रोग देतो.

तिसरं पाणी. हे सगळ्यात मोठं. पुष्कळदा आपण ज्याला भय म्हणतो ते भय नसून विष असतं. गावच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकतात. ती टाकलीच पाहिजे, तिच्यामुळे आपली लेकरं हगवणीपासून वाचतात. पण जो क्लोरीन जंतूंना मारतो तोच माशाचे कल्ले जाळतो. म्हणून नळाचं पाणी रुंद तोंडाच्या टोपात किंवा बादलीत एक दिवस आणि एक रात्र उघडं ठेवावं. क्लोरीन उडून जातो. बोअरचं पाणीही लगेच ओतू नये. जमिनीखालच्या त्या पाण्यात हवा कमी असते. तेही तसंच ठेवावं, मधूनमधून तांब्यानं वर-खाली करावं.

मासोळीच्या विष्ठेपासून आणि कुजलेल्या खाण्यापासून पाण्यात अमोनिया तयार होतो. सकाळी बंद गोठ्यात शिरलं की नाकाला झोंबतो, तोच हा. पण निसर्गाची योजना अशी की वाळूवर आणि गाळणीच्या स्पंजावर काही उपयोगी जंतू हळूहळू वाढतात. ते हा अमोनिया पचवून त्याचं विष कमी करतात. त्यांची पुरती वस्ती व्हायला काही आठवडे लागतात. आणि आपण काय करतो? पेटी गढूळ दिसली की सगळं पाणी उपसतो, वाळू नळाखाली खसाखसा धुतो, पेटी लख्ख करतो. बाई घर सारवतात तसं. त्यात ते जंतू मरतात आणि मासे नव्या पाण्यात भेदरून बसतात. तसं करू नये. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढावं आणि तेवढंच मुरवलेलं पाणी हळू ओतावं. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा. उरलेलं पाणी वांग्याला, मिरचीला घालावं. ते खतच आहे.

उजेडाचंही तसंच. रात्री काळोखात एकदम पेटीवरचा दिवा लावला की मासे काचेवर आपटतात. आधी खोलीतला दिवा लावावा, थोड्या वेळानं पेटीचा. रात्री मात्र पेटीचा दिवा बंदच ठेवावा. डोळे उघडे असले तरी मासा विश्रांती घेतो, त्याला अंधार हवा. खिडकीतल्या थेट उन्हात पेटी ठेवू नये. आपल्याकडे वैशाखात पारा ४० अंशांवर जातो. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. वीज गेली आणि हवेचा पंप थांबला तर गर्दीच्या पेटीतले मासे वर येऊन तोंडं उघडतात. अशा वेळी तांब्यानं पाणी उचलून वरून धार सोडावी. आणि मुळात मासेच थोडे ठेवावेत.

खाणं रोज ठरल्या वेळी, चिमूटभर, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच टाकावं. टाकणारा माणूसही तोच असला तर बरं. मासे मूर्ख नसतात. ते वेळ ओळखतात, माणसाची सावली ओळखतात. आज जी सावली बघून ते पळतात, तीच बघून महिन्याभरात वर येतात. मुलाला हे काम सोपवावं. टिचकी मारू नको असं दहा वेळा सांगून जे होत नाही, ते खाणं टाकायची पाळी दिली की होतं.

शेततळ्यातलं बीज

आता तळ्याकडे येऊ. इथं गाठीचा पैसा आहे.

पूर्वी रोहू-कटल्याचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे. हे मासे पावसाळ्यात, वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात घालत नाहीत. नदीतून आणलेल्या बीजात नको ते मासेही मिसळलेले असत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात अंगुल इथं हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशाला अंडी घालायला लावलं. तेव्हापासून बीज केंद्रावर तयार करता येऊ लागलं. आज दर वर्षी १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो या दिवसाची आठवण म्हणून. अंड्यातून निघालेल्या अगदी बारीक पिल्लांना जिरे म्हणतात, कारण ती जिऱ्याएवढीच दिसतात. बोटाएवढी झाली की ती बोटुकली. शेततळ्यात बोटुकलीच सोडावी. जिरे स्वस्त पडतात खरे, पण बेडकांच्या, किड्यांच्या आणि पाखरांच्या पोटातच जास्त जातात.

बोटुकली प्लॅस्टिकच्या पिशवीतून येते. पिशवीत एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से प्राणवायू भरलेला असतो. केंद्रावर विचारून घ्यावं, "दादा, पिल्लं उपाशी ठेवली होती का?" हसू नका. पोट भरलेलं पिल्लू वाटेत घाण करतं आणि त्याच पाण्यात गुदमरतं. जाणकार माणूस निघण्याआधी एक दिवस पिल्लांना खाणं देत नाही. पिशव्या रात्री किंवा पहाटे आणाव्यात. खाली पोतं अंथरावं, वर ओलं पोतं टाकावं. मोटारसायकलवर लटकवून, टपावर उन्हात ठेवून आणलेली पिशवी घरी पोचेपर्यंत गरम झालेली असते.

तळ्यावर पोचल्यावर सगळ्यांना घाई असते. गाडीवाल्याला परत जायचं असतं, पोरांना मासे बघायचे असतात. इथंच धीर धरावा. बंद पिशव्या तशाच तळ्याच्या पाण्यावर सावलीत तरंगत ठेवाव्यात, १५ ते २० मिनिटं. पिशवीतलं पाणी आणि तळ्याचं पाणी यांचा गारवा सारखा व्हायला हवा. न्हाणीतून निघून एकदम थंड विहिरीत उडी मारली तर माणसाचाही श्वास अडकतो. मग तोंड सोडावं आणि तळ्याचं एक-एक तांब्या पाणी पिशवीत घालावं. दर चार-पाच मिनिटांनी एक, असं चार-पाच वेळा. त्याहून फार वेळ उघडी पिशवी धरून बसू नये, पाणी घाण असतं. शेवटी पिशवी आडवी करून तोंड पाण्याखाली धरावं आणि पिल्लांना आपण होऊन जाऊ द्यावं. वरून ओतू नये. ज्या पिल्लांत दम आहे ती सुळकन निघून जातात. हे काम सकाळी किंवा सूर्य मावळताना करावं. घरच्या पेटीसाठीही हीच रीत, फक्त दुकानातल्या पिशवीचं पाणी पेटीत टाकू नये. मासा तेवढा छोट्या जाळीनं उचलून घ्यावा.

किती बोटुकली सोडावी? सर्वसाधारण हिशेब गुंठ्याला ५०. म्हणजे ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद शेततळं साधारण ९ गुंठ्यांचं, त्यात ४५० च्या आसपास. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघांची वाटणी करून सोडली तर कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. दुप्पट सोडली म्हणून दुप्पट मासे निघत नाहीत. गर्दी हेही भयच आहे.

अस्तराच्या शेततळ्याची एक अडचण आहे. नवं तळं भरलं की पाणी काचेसारखं स्वच्छ असतं. माणसाला ते आवडतं. पिल्लाला मात्र ते उघड्या माळासारखं वाटतं. वरून खंड्या बघतो, बगळा काठावर उभा राहतो, पाणकावळा तर बुडी मारून पाठलाग करतो. मातीच्या तळ्यात चिखल असतो, गवत असतं. अस्तरावर काही नाही. म्हणून बीज सोडण्याच्या १० ते १५ दिवस आधी शेणखत घालून पाणी हिरवट करून घ्यावं. हा हिरवा रंग अगदी बारीक वनस्पतींचा असतो. तेच पिल्लांचं पांघरूण आणि तेच त्यांच्या खाण्याची सुरुवात. पाणी किती हिरवं असावं? हात पाण्यात सरळ खाली घाला. कोपरापर्यंत बुडाल्यावर तळवा दिसेनासा झाला तर ठीक. त्याआधीच दिसेनासा झाला तर फार हिरवं झालं, खत थांबवा. काटेरी फांद्या तळ्यात टाकू नका, अस्तर फाटेल. पाण्यावर दोऱ्या ताणल्या की पाखरांना झडप घालणं जड जातं.

मोटारीच्या फुटवॉलला बारीक जाळी बांधावी. तुषारला किंवा ठिबकला पाणी द्यायचं तर पाणी खेचलं जाणारच, पण जाळी नसेल तर पिल्लं त्यात ओढली जातात. आणि पाच फूट तरी पाणी तळ्यात राहील असं बघावं. उथळ पाणी दुपारी वरपासून खालपर्यंत तापतं, माशाला गार थर उरत नाही.

सगळ्यात धोक्याची वेळ पहाटेची. दिवसा हिरव्या वनस्पती उन्हात प्राणवायू तयार करतात. रात्री त्या स्वतःच तो वापरतात. त्यामुळे पहाटे पाण्यात तो सर्वांत कमी असतो. आभाळ दोन-तीन दिवस भरून राहिलं की आणखी कमी. अशा पहाटे सारे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात. बघणारा म्हणतो, "काय खुशीत आहेत!" खुशीत नाहीत हो, गुदमरलेत. लगेच मोटार चालू करून त्यांचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडावं, किंवा विहिरीचं पाणी धारेनं सोडावं. त्या दिवशी खाणं आणि खत दोन्ही बंद. मासे पळवून लावायला दगड मात्र मारू नका. धावला की त्याला आणखी हवा लागते.

महिन्यातून एकदा थोडे मासे जाळ्यात घेऊन वाढ बघतात. ते जरूर बघावं. आदल्या दिवशी खाणं देऊ नये. काम थंड सकाळी उरकावं. जाळं मऊ, बिनगाठीचं असावं, हात आणि तागडी ओली असावी. कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो, आणि तो थर म्हणजे त्याची कातडी राखणारा सदरा आहे. जाळं ओढलं त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही मासे खाण्यावर येत नाहीत. घाबरून औषध आणायला पळू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी निम्मंच खाणं टाका. ते संपलं तर तिसऱ्या दिवशी पुरतं टाका.